पंढरीच्या नावावर खेळलेला दत्ता

रशीदचा फोन आला तेव्हा मी जिनिंगच्या गोदामात कापसाच्या गाठी मोजत होतो. "यादी, दत्ता गेला," एवढंच तो म्हणाला. झोपेतच गेला, पहाटे कधीतरी... मोजणी अर्धी टाकून मी बाहेर आलो आणि खिशातल्या वहीचं कोरं पान काढलं. केदारखेड्याला दत्ताच्या भावाकडे निरोप, गाडी, लाकडं, गवऱ्या, वैनींच्या माहेरी फोन, दुकानाची किल्ली. कुणी गेलं की मला दुसरं काही सुचत नाही. मित्र मला 'यादी' म्हणतात ते उगाच नाही. त्या दिवशी सगळं वेळेवर झालं, काही राहिलं नाही. लोकांनी कौतुकही केलं.

आठ दिवसांनी क्लबच्या पत्र्याच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फुटबॉल क्लबचे चिटणीस (नाव लिहीत नाही, लिहायची किळस येते) माइकसमोर उभे राहिले. फोटोला हार घालताना त्यांनी एका हाताने स्वतःच्या शर्टाची इस्त्री सांभाळली होती. म्हणाले, "दत्ताभाऊ म्हणजे आमच्या क्लबचे निष्ठावान प्रेक्षक. एक सामना त्यांनी चुकवला नाही."

माझ्या शेजारी बसलेला रशीद पुटपुटला, "प्रेक्षक! ह्याची जबान झडत कशी न्हाई?"

हातात चहाचा प्लास्टिकचा कप होता, तो मी खुर्चीखाली ठेवून दिला. पण मी उठलो नाही, बोललो नाही. कारण दत्ता त्या क्लबसाठी एकदा खेळला होता, त्या खेळापायी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची निकामी झाली होती, आणि तो खेळलाच नाही असं सांगणारे कागद माझ्या अक्षरात होते. शोकसभेत जे बोललो नाही ते इथे लिहितो आहे.

दत्ताचं मोंढ्याच्या रस्त्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती सायकलच्या कॅरेजला बांधून त्याच्याकडे आणत. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेटोळं वेटोळं मोजून भरायची, हे त्याचं काम. "तार डोळ्यांना न्हाई, बोटांना कळती," असं तो म्हणायचा. मोटर भरताना त्याची बोटं अशी चालत की ती वेगळीच कुणाची असावीत. शाळेत असताना तो गोलकीपर होता. नंतर लग्न, दुकान, वाढलेलं पोट... फुटबॉल फक्त बघण्यापुरता राहिला. दर रविवारी रशीदची काळी-पिवळी जीप, मी, दत्ता आणि जिल्ह्यात जिथे असेल तिथला ब गटाचा सामना. ब गट म्हणजे ज्यांना अ गटात कुणी घेत नाही ते. आमच्या क्लबचा संघ त्यातही खालून दुसरा.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. त्या रविवारी सामना भोकरदनकडे होता. मी नेहमीसारखी तयारी केली होती : पेरू, चिवडा, पाण्याचा कॅन, बसायला दोन पोती. मैदान म्हणजे बाजारतळ. आदल्या दिवशी बाजार भरून गेलेला. शेण, कोंबड्यांची पिसं, सडलेल्या टोमॅटोंचा चिखल, आणि एका कोपऱ्यात कुणी कापलेल्या बोकडाची आतडी तशीच टाकलेली. त्यावर माश्यांचा नुसता थर. आयोजकांनी स्वच्छता म्हणून काय केलं होतं, तर त्या सगळ्यावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. रशीद नाकाला रुमाल लावून म्हणाला, "हे मैदान हाय का कत्तलखाना?" दत्ता पोत्यावर बसून पेरू खात होता. "तू पेरू खा. नाक बंद ठिव अन् तोंड उघडं ठिव," तो म्हणाला.

सामन्याला वीस मिनिटं असताना हेच चिटणीस धावत आमच्याकडे आले. संघाचा गोलकीपर पंढरी पिंपळगाव रेणुकाईला लग्नाला गेला होता, अजून आला नव्हता. गोलकीपर नाही तर सामना गेला. त्यांची नजर दत्तावर होती.

"दत्ता, तू उभा राह्य."

"मी? माझं पोट बघा की साहेब. चेंडू पोटालाच अडंल."

"मंग चांगलंच हाय."

दत्ता हसला, पण पेरू खाली ठेवला होता. इतक्या वर्षांनी कुणी त्याला मैदानात बोलावत होतं. माणसाचा चेहरा कसा उजळतो ते मी त्या घाणीत उभा राहून पाहिलं.

प्रश्न यादीचा होता. खेळाडूंची यादी आदल्या संध्याकाळी द्यावी लागे आणि आमच्या क्लबची यादी मीच लिहीत असे, अक्षर चांगलं म्हणून. ब गटात कुणाच्याही नावावर कुणीही खेळायचा. नाव खोडलं की पंचांची सही घ्या, समितीला विचारा, त्यात अर्धा तास. त्यापेक्षा आहे त्या नावावर दुसरा उभा करायचा. पंच कागद बघत, तोंड बघत नसत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तरी मी पेन काढलं होतं. पंढरीवर एक रेघ मारायची, वर दत्ताचं नाव लिहायचं, एवढंच. चिटणीस कागदाकडे बघून म्हणाले, "इतकी साफ यादी हाय तुमची. कशाला घाण करता?"

मी यादीकडे पाहिलं. अकरा नावं, सरळ ओळीत, एक डाग नाही. मी पेनला टोपण लावलं. पायाखाली शेण होतं आणि मला कागद स्वच्छ राहावा असं वाटलं. आज लिहितानाही या गोष्टीची शिसारी येते.

"मंग मी आज पंढरी," दत्ता पँट गुडघ्यापर्यंत दुमडत म्हणाला. "फक्त पंढरीची बायको घरी आली, तर आमच्या हिला कोन समजावनार ते ठरवा."

रशीदने त्याला आपले कॅनव्हासचे बूट दिले. आणि खोटं कशाला सांगू, दत्ता सुंदर खेळला. पोट घेऊन उडी मारायचा, शेणात पडायचा, उठून प्रेक्षकांना सलाम करायचा. आमची पोरं त्याला पंढरी म्हणूनच हाका मारत होती. आमचा संघ एका गोलने पुढे होता. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना पंचांनी समोरच्या संघाला पेनल्टी दिली. आमची पोरं पंचांच्या अंगावर धावली, शिव्यागाळ झाली, मग सगळे बाजूला झाले. दत्ता गोलच्या मध्ये उभा राहून हातावर थुंकला.

चेंडू उजवीकडे, खाली आला. दत्ताने स्वतःला झोकून दिलं. चेंडू त्याच्या तळव्याला लागून बाहेर गेला आणि त्याचा हात पुढे घसरत गोलच्या खांबाशी गेला. तिथे बैल बांधायची लोखंडी खुंटी होती. बाजाराच्या लोकांनी ती उपटली नव्हती आणि आयोजकांनी तिच्याभोवतीही चुना टाकला होता. दत्ता उठला नाही. गुडघ्यावर बसून हात पोटाशी धरून राहिला. आणि भोवतालचे दोनशे लोक टाळ्या वाजवत ओरडत होते, "पंढरी! पंढरी!"

सामना आम्ही जिंकलो. रशीदने जीप काढली. दवाखान्यात चिटणीसही आले. मला वाटलं काळजीने आले. खाटेवर दत्ता, त्याच्या हाताला भिजवून गुंडाळलेला माझा टॉवेल, त्यातून रक्त गळतंय. कंपाउंडरने केसपेपर माझ्यापुढे सरकवला, नाव-गाव भरा म्हणाला. चिटणीस पुढे झाले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "पंढरीचंच नाव घाला. उद्या कुणी तक्रार केली तर यादीशी बराबर जुळलं पाहिजे. न्हाईतर सामना जाईल."

त्या माणसाच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. मी त्याला ढकलायला हवं होतं. मी पेन काढलं आणि केसपेपरवर पंढरीचं नाव, पंढरीचं गाव लिहिलं. जुळलं पाहिजे, हे मलाही पटलं होतं.

दत्ताने ते पाहिलं. दुखण्याने त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी म्हणाला, "वा रे वा. बोट माझं तुटलं अन् औषध पंढरीला?"

आम्ही सगळे हसलो. मी सुद्धा.

तर्जनी आणि मधलं बोट पुन्हा कधी वळलं नाही. क्लबच्या कार्यक्रमात पेनल्टी अडवल्याबद्दल पंढरीला शाल आणि नारळ दिला गेला. चिटणीसांनी भाषणात त्याचं शौर्य सांगितलं. दत्ता माझ्या शेजारी बसला होता. टाळ्या वाजवता येईनात म्हणून डाव्या हाताने मांडीवर थापा मारत होता. पंढरी बिचारा दुसऱ्या दिवशी शाल घेऊन दुकानावर आला. दत्ताने त्याला चहा पाजला आणि शाल परत दिली. "ठिव तू. नाव तुझं हाय त्याच्यावर," म्हणाला.

त्यानंतर काही महिन्यांनी दत्ताने मला एकच काम सांगितलं. "यादी, क्लबाला एक पत्र लिही. त्या दिवशी गोलात दत्ता होता, एवढंच. भरपाई नको, शाल नको. पोरगी मोठी व्हायलीय. ती विचारती हात कशानं गेला. मी खेळताना गेला म्हनलं, तर आत्याचा पोरगा तिला म्हनला, खोटं हाय, तिथं तर पंढरी खेळला."

"या आठवड्यात लिहितो," मी म्हणालो. आणि वहीत टिपून ठेवलं : दत्ताचं पत्र. पण ते पत्र म्हणजे माझी यादी खोटी होती, केसपेपर खोटा होता, हे मीच सही करून सांगायचं होतं. तो आठवडा गेला. मी ते काम पुढच्या पानावर उतरवलं, मग त्याच्या पुढच्या. नव्या वहीत पहिल्या पानावर घेतलं. राहिलेली कामं पुढे उतरवण्यात मी फार पक्का आहे. दत्ताने आणखी एकदा विचारलं. मग कधीच नाही. रविवारी येत राहिला, पेरू खात राहिला, विनोद करत राहिला. चिटणीस भेटले की "काय पंढरी, बरा हाय का हात?" असं त्यालाच विचारत आणि खदाखदा हसत. आम्ही ते ऐकून घेत होतो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी वैनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटत होतं त्या रडतील, किंवा माफ केलं म्हणतील. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "हे मला कशाला सांगून राह्यले भाऊजी? तो हात सहा महिने मी धुतला. मला ठाव न्हाई का कोन खेळलं? ज्या लोकांनी टाळ्या वाजवल्या त्यांना सांगा."

म्हणून हा लेख. यापलीकडे त्याला काही अर्थ नाही. क्लबलाही पत्र दिलं आहे, पोच घेतली आहे. दत्ताच्या मुलीला त्या पत्राची एक प्रत दिली. तिने ती घडी घालून ठेवली आणि आत निघून गेली. बरोबरच आहे.

ती प्रत देऊन निघताना वैनींनी दुकानाची किल्ली पुढे केली. केदारखेड्याचा पुतण्या दुकान चालवायला घेणार होता, त्याआधी सामानाची नोंद करून हवी होती. इतकी वर्षं मी त्या दुकानाच्या पायरीवरच बसत आलो होतो. रविवारी जीपचा हॉर्न वाजला की दत्ताच बाहेर यायचा. आत मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. पक्कड, कात्र्या, सोलणी, सगळं डाव्या भिंतीला. वार्निश वाळवायच्या शेगडीचं बटण डावीकडे. तार गुंडाळायच्या यंत्राचं हँडल त्याने काढून डाव्या बाजूला जोडलं होतं. नवी भोकं पाडलेली दिसत होती, पहिली दोन चुकलेली. लाकडी मूठ तळव्याने घासून गुळगुळीत झाली होती. मी सवयीने उजवा हात लावला तर कोपर भिंतीवर आपटलं.

"तसं न्हाई फिरत ते," दारातून वैनी म्हणाल्या. "एक वर्ष लागलं त्यांना शिकायला. सारखी तार तुटायची. तुटली की हितंच बसून रडायचे... मंग तुमचा हॉर्न वाजला की तोंड धुऊन भाईर यायचे."