जव्हॉनचे वर गेलेले हात

जव्हॉन पेटवे माझा धाकटा भाऊ. अलाबामातल्या आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायच्या त्या खेळात, तो बचाव फळीत होता. चेंडू समोरच्यांकडे असला की तो प्रेक्षकांकडे वळून दोन्ही हात वर उडवायचा. मग अख्खं स्टेडियम कानठळ्या बसतील असं ओरडायचं, समोरच्यांना एकमेकांचं बोलणं ऐकूच जाऊ नये म्हणून.

हेल्मेटवर धडका खाऊन खाऊन त्याचं डोकं कामातून गेलं. आता चमचा पडला तरी तो कळवळतो. घरात आम्ही कुजबुजतच बोलतो.

आणि यंदा कॉलेजला त्याच्या सत्काराचा पुळका आला.

"नको नेऊस त्याला," मी आईला बजावलं.

"अगं, त्याचीच माणसं आहेत ती," आई म्हणाली.

मैदानात त्याचं नाव पुकारलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. जव्हॉनचा चेहरा पिळवटला. थांबा, थांबा, म्हणत त्यानं दोन्ही हात वर केले.

लोकांना तेवढंच हवं होतं. स्टेडियम जीव तोडून ओरडायला लागलं. तो हात हलवत राहिला, ते आणखी ओरडत राहिले.

माझ्या शेजारच्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ ना," ती म्हणाली, "अजून विसरला नाही गं आपल्याला!"