शांततेची धडकी

एमआरआयच्या बोगद्यात मी चक्क झोपले. डोकं सारखं ठणकत होतं म्हणून नगरला तपासायला गेले होते. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडात अजून नगरच. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून ठेवलं, कानात बोळे घातले आणि त्यांनी मला आत सरकवलं. माझ्या आधीच्या बाई पाच मिनिटांत रडत बाहेर आल्या होत्या. मशीन सुरू झालं, खट् खट् खट् खट्, आणि मला अशी गुंगी आली म्हणून सांगू! शेवटी मशीनवरचे गृहस्थ माईकवरून ओरडले, "मॅडम, घोरू नका, डोकं हलतंय, फोटो बिघडतो."

नंतर डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये बसले. एसी, बंद दार, आवाज कसलाच नाही. त्यांनी बीपी मोजायला दंडाला पट्टा बांधला आणि भुवया उंचावल्या. "रिपोर्ट चांगलाय तुमचा. आत झोपलात, मग इथं छाती का एवढी धडधडतेय?" मला गंमत वाटली, कारण ते खरंच होतं. तोंडाला कोरड पडली होती आणि कान दाराकडे लागले होते.

मी राहात्याजवळ शाळेत शिकवते. माझा वर्ग सगळ्या शाळेत सर्वात जास्त कलकलाट करणारा. मुख्याध्यापक वैतागतात, मी मात्र त्या गोंगाटात सुखाने वह्या तपासते. घरात शांतता झाली की मी रेडिओ लावते. हा माझा स्वभाव, एवढंच आजवर समजत आले.

पण आता हा स्वभाव अंगाशी आला होता. माझी एकुलती एक मुलगी यंदा दहावीला. अभ्यासाला बसली की दार लावून घेते आणि आतून चिटपाखराचा आवाज येत नाही. दर दहा मिनिटांनी मी हाक मारणार. चहा हवा का, पंखा लावलास का, झोपलीस का? एके दिवशी ती अगदी शांतपणे म्हणाली, "आई, अकरावीला मी हॉस्टेलवर जाणार. इथं मला श्वास घेता येत नाही." फॉर्मही आणून ठेवला होता. भांडली असती तर परवडलं असतं.

परक्या माणसाला सांगणं सोपं असतं, म्हणून हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "लहानपण कुठं गेलं?" म्हटलं, पाथर्डीकडचे आम्ही. आईवडील ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला यायचे, मी तान्ही असल्यापासून बरोबर. त्यांनी रिपोर्टच्या पाकिटावर मेंदू काढला. खोल आत, दोन्हीकडे, बदामाएवढा एक भाग. त्याचं काम धोका दिसला की ओरडायचं. कपाळामागचा भाग त्याला समजावतो, गप, काही झालं नाही. लहान वयात मूल पुन्हा पुन्हा एकटं पडलं, तर हा बदाम कधीकधी लवकर ओरडायला शिकतो आणि समजावणारा कमी पडतो.

"मग दाखवा की या फिल्मवर," मी म्हटलं.

त्या हसल्या. "एकट्याच्या फोटोत ते कळत नाही. पुष्कळ माणसांचे फोटो एकत्र पाहिले की सरासरीत थोडा फरक दिसतो, तोही प्रत्येकात नाही. हाल काढलेली कितीतरी माणसं निवांत असतात."

शिक्षिका असल्याने अर्ध्या उत्तराने माझं समाधान होत नाही. पुढच्या सुट्टीत मी आईकडे गावी गेले. ती ओसरीवर बाजरी निवडत होती. मी लहानपणी कशी होते, म्हणून विचारलं.

"लई गुनाची," ती म्हणाली. "फडात पाचटावर टाकायची तुला. कोयतं चालू आसलं, खटाखट, की तू गुमान निजायची. कोयतं थांबलं की उठलीच."

"थांबायचे कशाला?"

"मोळ्या वाहायला नगं का? समदी डोक्यावर मोळी घिऊन टरकाकडं. टरक लांब, रस्त्याला. तुज्यापाशी कोन न्हाई. तू बोंबलायची, मला तिकडं ऐकू यायचं. पर मुकादम डोक्याव हुभा." सुपातला खडा तिने बाजूला टाकला. "मंग एक दिस तू रडायचीच थांबली. मला वाटलं, पोर शानी झाली."

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. मग तिनेच विचारलं, "काय करनार हुते गं मी?" मी सूप माझ्याकडे ओढलं आणि आम्ही दोघी बाजरी निवडत बसलो.

परत आल्यावर एका रविवारी दुपारी मुलीने दार लावलं. मी ठरवलं, आज हाक मारायची नाही. रेडिओ बंद केला आणि बाहेर गवार मोडत बसले. अंगात काय काय होतं ते या वेळी नीट पाहायचंच होतं. आधी छाती धडधडली. मग तोंड कोरडं पडलं, मग कान टवकारले गेले. ती आत आहे, पुस्तक वाचतेय, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी शरीर ऐकेना. मी स्वतःला समजावत राहिले. गवार संपली, देठही मोडून झाले. हळूहळू श्वास जरा खाली बसला, आणि मला कोण आनंद झाला! जमतंय की, म्हटलं. हॉस्टेलचा विषय आता काढता येईल.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मुलगी उंबऱ्यात उभी, चेहरा पांढराफटक.

"आई! हाक का मारत नाहीयेस? रेडिओपण बंद. केव्हाची वाट बघतेय मी. मला वाटलं, तुला काहीतरी झालं."

मी तिला जवळ ओढून हात हातात घेतला. तळवा घामाने ओला होता. हिला तर मी कधी क्षणभरही एकटं सोडलं नव्हतं.