बोर्गहिल्डचा कागद

बोर्गहिल्डच्या दुकानात माणसं खोटं बोलायलाच येतात म्हणा ना. लांबच्या सफरीची स्की घ्यायची तर वजन सांगावं लागतं, आणि वजन खरं सांगेल तो नॉर्वेतल्या या टेलेमार्कचा माणूसच नव्हे. बाई वाद घालत नाही. जोडी फळ्यांवर मांडते, गिऱ्हाइकाला वर उभं करते आणि स्कीखालून कागद सरकवते. माणूस जोडीच्या मानाने जड असला की स्कीची मधली कमान दबून फळीला टेकते. कागद सुळकन फिरला तर जोडी बरोबर, अडकला तर माणूस खोटा. एकतीस वर्षांत गावाचे सगळे किलो तिला तोंडपाठ झालेत, पण कुणाचा आकडा कधी फुटला नाही.

ईस्टरच्या आधी हाल्वर गुरुजी आले. शाळेतून निवृत्त, एकटे, मिशी कोरलेली. पोस्टातल्या रांदीने त्यांना चार दिवस पठारावर चला म्हटलं होतं. रांदी विधवा, आणि पायाला भिंगरी लावलेली. गुरुजी दोन वर्षं या बोलावण्याकडे डोळे लावून बसले होते. घोळ एवढाच, की दुकानात रांदीही सोबत आली होती.

"शहात्तर किलो," गुरुजी छाती काढून म्हणाले. रांदी शेजारीच हातमोजे चाचपत होती.

बोर्गहिल्डने शहात्तरची जोडी मांडली. कागद तसूभर हलेना. एवढ्या मऊ स्की घेऊन गेले तर गुरुजी सपाटीवर घसरणारच नाहीत, नुसते रखडतील, आणि रांदी पहिल्याच दुपारी दिसेनाशी होईल. खरं सांगावं तर तिच्यादेखत हसं. गुरुजींचे कान लालबुंद झाले. बोर्गहिल्डला हसूही येत होतं आणि कीवही.

"गुरुजी, पठारावर जायचं तर वजन सामानासकट धरतात," ती म्हणाली. हे खरंच होतं. पुढचं तेवढं लबाडीचं. तिने दुकानातली सगळ्यात मोठी सॅक काढली, आत फक्त पिसांची झोपायची पिशवी फुगवून कोंबली, त्यांच्या पाठीवर चढवली आणि त्यांना काट्यावर उभं केलं. काटा सत्त्याण्णववर गेला.

सामानच एकवीस किलो भरलं बघा, असं ती बेधडक ठोकून मोकळी झाली. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. कडक जोडी आली, कागद सुळकन निघाला.

पण रांदीला त्यांची दया आली. एवढं ओझं एकट्याने कशाला, निम्मं मी घेते म्हणून तिने सॅक ओढली, तर ती तिच्या एका बोटाला लोंबकळायला लागली. गुरुजी छताच्या तुळया मोजायला लागले. आता कुठली सफर आणि कुठलं काय, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

रांदी सॅककडे बघत राहिली, मग गुरुजींकडे. मग तिने ती स्वतःच्या पाठीवर अडकवली आणि काट्यावर जाऊन उभी राहिली.

"बोर्गहिल्ड, मी माझी जोडी शहरातून आणली. तिथे कागद घालत नाहीत ना, म्हणून," ती म्हणाली. "बासष्ट किलो सांगितलंय तिथल्या दुकानदाराला. माझंही सामान जड आहे गं, मलाही कडकच काढ."