फाडू सर आणि दोन भगवान

फाडू सरांनी माझी पहिली तीन पुस्तकं माझ्या डोळ्यांदेखत फाडली. दोन गाइडं आणि एक पंधरा दिवसांत डेटाबेस शिकवणारं. मी रडकुंडीला आलो तेव्हा म्हणाले, "ह्यात नुसती उत्तरं आहेत. तुला अजून सवाल कुठं पडलाय?"

आमच्या तालुक्याच्या गावी, मंठ्यात, खताच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, हे मी आजही छाती काढून सांगतो. पण डेटाबेस कुठून शिकायचा, हे घरात कोण सांगणार? मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ साठवले होते. बघताना सगळं कळायचं, सकाळी पाटी कोरी. सरांनी तेही पुसायला लावले आणि सॉफ्टवेअरसोबत फुकट येणारी माहितीपुस्तिका उघडून दिली. "रोज दोन पानं. अन् माहितीचं टेबल बनवायचं ते आपल्याकडच्या खऱ्या माणसांचं." चुकलं की पाठीत बुक्की. एकदा कीबोर्ड माझ्या डोक्यात घातला. उडालेली बटणंही मलाच शोधायला लावली.

प्रत्येक नोंदीची एक वेगळी ओळख हवी, ती तिची 'की', म्हणजे किल्ली. यासाठी सर भर बाजारात माझी कॉलर धरायचे. "ह्या म्हशीची 'की' सांग!"

"कानातल्या बिल्ल्याचा नंबर, सर."

"जनावराचं बराबर कळतं. माणसाचं ध्यानात ठेव!"

माणसाचं मी ध्यानात ठेवलं नाही. एका बियाणे कंपनीला मिरचीचं बियाणं पिकवायचे प्लॉट देण्यासाठी शेजारच्या गावातल्या शेतकऱ्यांची यादी हवी होती. यादी बिनचूक झाली तर नोकरी पक्की. घरोघर फिरून आधार नंबर कोण मागणार? मी शेतकऱ्याच्या नावालाच 'की' केलं. एका ठिकाणी संगणक अडला, हे नाव आधीच आहे म्हणाला. दोनदा लिहिलं गेलं असेल, असं समजून मी दुसरी ओळ पुसली.

त्या गावात, एकाच भावकीत, भगवान किसन दोन होते. थोरल्याला प्लॉट मिळाला. धाकटा कुऱ्हाडीचा दांडा घेऊन क्लासात आला. "मला मेलेला समजला का रे?" दांडा माझ्या डोक्यावर येत होता. सर मध्ये पडले. त्यांचं मनगट मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. जमिनीवर पडूनही सर ओरडत होते, "पुसायच्या आधी विचारलं न्हाई का कोणाला?"

मी चौकीवर पळालो आणि मारणाऱ्याचं नाव सांगितलं. भगवान किसन. गावही सांगितलं. बस, तेवढंच.

तासाभरानं शिपायांनी थोरल्याला आणला. मी सरांना घेऊन दवाखान्यात गेलो होतो. हाताला प्लास्टर करून आम्ही चौकीवर पोचलो, तोवर त्या बिचाऱ्याला आडवा पाडून तुडवला होता. ओठ फाटलेला, उजवा गुडघा भोपळ्याएवढा. "साहेब, मी तर सकाळपासून शेतात होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"हा तो न्हाई! सोडा त्याला!" सर शिपायाच्या अंगावर धावून गेले. मग माझ्याकडे वळून डाव्या हातानं अशी थोबाडीत दिली की मी भिंतीवर आदळलो. "एकच चूक दोनदा केलीस."

मी यादी परत केली, डेटाबेस सोडतो म्हणालो. सर म्हणाले, "सोडून कुठं जातो? आधी नीट कर." त्यांनी मला त्या गावात दारोदार फिरवलं. प्रत्येक शेतकऱ्याला वेगळा क्रमांक दिला. धाकट्यावरची तक्रार त्यांनी मागे घेतली होती; त्याच्या दारात तर ते माझ्यापुढे उभे राहिले, मोडका हात गळ्यात बांधून. यादी बिनचूक झाली, मला नोकरी लागली. सरांचं मनगट मात्र वाकडंच जुळलं. टायपिंग होईना, क्लास बंद पडला, ते बहिणीकडे हसनाबादला गेले.

मागच्या वर्षी त्यांच्या शेवटच्या आजारात भेटायला गेलो. मला बढती मिळाली होती, ते आधी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"थोरला भगवान आता चालतो का नीट?"

"न्हाई, सर. लंगडतो."

ते भिंतीकडे वळून झोपले.