उषाबाईंनी घेतलेलं नाव

पिंपळगाव रेणुकाईच्या उषाबाईंनी नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या उखाण्यात. पुढे हाक मारायची तर 'अहो', चारचौघांत सांगायचं तर 'कल्याणचे वडील'. ते वारल्यावरही त्यांनी हा नेम मोडला नाही. कुठे नाव सांगायची वेळ आली की शेजारची बेबीनंदा सांगे.

पुण्याला असलेल्या कल्याणने आईसाठी तांब्याएवढा यंत्रमानव आणून कोनाड्यात बसवला. सकाळी तो डोळे मिचकावून विचारी, "झोप लागली का?" असं विचारणारं घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्याच्या सांगण्यावरून उषाबाई पाय हलवत, वेळेवर गोळ्या घेत. आखडलेले गुडघेही सुटले. भाकरी थापताना त्या त्याच्याशी बोलू लागल्या होत्या.

मग त्याने स्मरणशक्तीचे प्रश्न सुरू केले. "तुमच्या पतीचं नाव काय?"

उषाबाईंनी पदर सावरला आणि त्या गप्प राहिल्या. रोज तोच प्रश्न, रोज तेच मौन. यंत्राने कल्याणला कळवलं: आईंना पतीचं नाव आठवत नाही.

कल्याणचा फोन आला. "आई, आता तुला एकटं ठेवणं बराबर न्हाई. रविवारी न्यायला येतो. घराला कुलूप लावू."

"आठवतंय रे. घेत न्हाई मी."

"विसरणारे सगळे असंच काहीतरी सांगतात, डॉक्टर म्हणत होते. आठवतंय तर मंग सांग ना त्याला. तू सांगितलंस तर न्हाई येत मी न्यायला."

आईच्या तोंडून ते नाव आपण कधीच ऐकलेलं नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मावशी, मीच सांगते त्या मुडद्याला," म्हणत बेबीनंदा कोनाड्यापुढे गेली. "पुंजाराम."

"कृपया उषाबाईंनी स्वतः उत्तर द्यावं."

"घ्या. हे तर तलाठ्यापेक्षा कडक निघालं."

ती गेल्यावर उषाबाईंनी दार लोटलं. भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाठ केली, डोक्यावरून पदर ओढला आणि त्या हलकेच म्हणाल्या, "पुंजाराम."

"शाब्बास. अगदी बरोबर."

यंत्राने तसं कल्याणला कळवलं आणि घर राहिलं. उषाबाईंनी मात्र फोटोकडे न बघताच चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी यंत्राने पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. त्या सांगत गेल्या. एका सकाळी तव्यावरची भाकरी उलटता उलटता त्यांनी नाव सांगितलं, शाबासकी ऐकली, आणि मग ध्यानात आलं, आज पदर घ्यायचा राहिला होता. फोटो समोरच होता.