पाचवी वस्तू सापडेना

गेल्या वर्षी वडील गेले आणि दोन महिन्यांनी मला एकाएकी मरणाची भीती वाटायला लागली. छाती धडधडायची, हाताला मुंग्या यायच्या, आता संपलंच असं वाटायचं. पहिल्या खेपेला तर साताऱ्याच्या कचेरीत मी साहेबांच्या टेबलावरच आडवी झाले. तीनदा ईसीजी काढला. तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे." एवढं सोसून काहीच निघालं नाही, म्हणून मला रागच आला.

मग एका समुपदेशक बाईंकडे जायला लागले. त्या म्हणाल्या, "झटका आला की दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायच्या. चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे, दोन वास आणि एक चव घ्यायची. मन भलतीकडे पळालेलं असतं, त्याला जागेवर आणायचं." मी घरी सराव सुरू केला. चौथ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "भिंतीला ओल आली आहे का? रोज चाचपतेस ती?"

आईला भेटायला मी एसटीने आटपाडीला निघाले होते. शेजारी मांडीवर बोचकं घेतलेली एक धनगराची म्हातारी. वडूज मागे पडलं आणि माझी छाती उडायला लागली. मी पुटपुटले, "खिडकी. घंटीची दोरी. पिशवी. चप्पल." पाचवं काही सुचेना.

"काय हरावलं गं बाय?" म्हातारीने विचारलं.

"पाचवी... पाचवी सापडत नाही."

म्हातारी उठून उभीच राहिली. "आवं कंडक्टर! हिचं पाच डाग व्हतं, एक गेलाय!"

झालं. अख्खी गाडी सीटखाली वाकली. कंडक्टर गरजला, "कुणी उचलला आसंल तर मुकाट्यानं द्या, न्हाईतर गाडी ठाण्यात नेतो!" मागच्या सीटवरचे मिशाळ रिटायर फौजी दाराशी जाऊन उभे राहिले, "कोणी उतरायचं नाही!" माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि लोकांना वाटत होतं, दागिना भारी असणार.

"चोरी नाही झाली," शेवटी मी कशीबशी म्हणाले. "मला भीतीचा झटका आलाय. नुसत्या पाच वस्तू बघायच्यात."

मग मागून कोणी म्हणालं, "आवं ताई, ती बाभळ बघा की!" एकाने टोपी काढून आपलं टक्कल पुढे केलं. कंडक्टरने आवाज हवा म्हणून घंटी वाजवली, तर ड्रायव्हरने गाडीच थांबवली. फौजींनी दारातूनच हुकूम सोडला, "श्वास आत! आता हळू सोडा, हळू!" अर्धी गाडी श्वास सोडायला लागली. म्हातारीने माझा हात आपल्या खरबरीत हातात घट्ट धरला आणि बोचक्यातली लसणाची चटणी चिमूटभर माझ्या जिभेवर ठेवली.

ती इतकी जहाल होती, की मरायचं राहूनच गेलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी हसत होते. वडील गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

गाडी पुन्हा चालू झाली. म्हातारीने बोचक्याची गाठ पुन्हा आवळली. मग हळूच म्हणाली, "म्हातारा गेल्यापासनं माजं बी आसंच हुतंय. मेंढरं मोजताना मधीच काळीज उडतं. कुणाला सांगिटलं न्हाई. ह्येला डागदर आसतो व्हय?"

"असतो की."

"येड्यांचा?"

"मी जाते त्यांच्याकडे."

तिने मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. "मग चालंल," म्हणाली.

तिच्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात कुठे विचारायचं ते मी कागदावर लिहून दिलं. लेकाला वाचायला लावीन म्हणाली. तो कागद तिने चोळीत खोचला.

झटके मला अजूनही येतात, पण कमी. समुपदेशक बाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून खळखळून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण पाच वस्तू मोजायचा सराव सोडू नका हं."