पळी तुटलेली अन्नपूर्णा

वस्तुसंग्रहालयाचं नाव काढलं की आमच्या नाशिक रोडच्या घरात सगळ्यांना कामं आठवतात. नवऱ्याला बँकेत जायचं असतं, मुलीचं डोकं दुखतं, आणि जो पाहुणा आदल्या रात्री "नाशिक दाखवा की" म्हणत असतो तोच सकाळी त्र्यंबकच्या बसची चौकशी करतो. कारण मी प्रत्येक पाटी वाचते. सिन्नरला दगडांच्या संग्रहालयात मी एका हिरव्या स्फटिकासमोर उभी होते, तेवढ्यात दीर बाहेर जाऊन दोनदा चहा पिऊन आला. अंजनेरीला जुनी नाणी बघताना सासूबाई बाकावर चक्क घोरायला लागल्या. पांडवलेणीला तर लोक एवढ्या पायऱ्या चढून जातात आणि लेण्यांकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. मग चढलात कशाला, घरी आरसा नव्हता का, असं मी एकदा मोठ्याने म्हटलं होतं. तेव्हापासून मुलगी माझ्याबरोबर येत नाही.

अशा मला एकदा मनासारखी सोबत मिळाली, तीही ठरवून नव्हे. माझी आत्या. मखमलाबादच्या मळ्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. गुलाब, झेंडू, शेवंती. पहाटे फुलं घेऊन बाजारात यायचं आणि विकून मळ्यात परतायचं. नाशिक शहर तिच्या लेखी म्हणजे फुलबाजार, दवाखाना आणि गंगा. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.

मागच्या पितृपक्षात तिचा फोन आला. एरवी तिचा आवाज बांधापलीकडे जातो, त्या दिवशी कानाला फोन चिकटवावा लागला.

"गंगेवर जायचं हाय. येतीस का माझ्या संगं?"

नवरात्र तोंडावर आलं म्हणून ती चिंच लावून देव घासत होती. अन्नपूर्णा ओल्या हातातून निसटली, मोरीच्या दगडावर आपटली आणि पळी धरलेला तिचा हातच मनगटापासून तुटला. तो पळीसकट गटारात वाहून गेला. खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. भटजींनी सांगितलं, घट बसायच्या आत पाण्यात सोडून या. आतेभाऊ म्हणाला, "हिची हाय ना, आई. चालंल की."

हिची म्हणजे वहिनीची. आमच्यात लग्नात आई मुलीला पितळेची अन्नपूर्णा देते. नवरी गौरीहर पुजायला बसते तेव्हा समोर तीच असते आणि सासरी जाताना तीच बरोबर जाते. त्यामुळे घरात जितक्या सुना तितक्या अन्नपूर्णा. आत्याच्या देव्हाऱ्यात दोन होत्या, एक वहिनीची आणि दुसरी ही तुटलेली, आत्याची. आतेभावाचं काही चुकलं नव्हतं, भटजींचंही नाही. पण आत्याकडे तिच्या आईचं म्हणून एवढंच उरलेलं होतं. फोटोसुद्धा नाही. ती पाण्यात गेली की संपलं.

आम्ही गेलो तर रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. पितृपक्षातली गर्दी, जिकडेतिकडे पिंड, कावळे आणि घाईत असलेले गुरुजी. मी म्हटलं, "आत्या, दुपारी गर्दी ओसरेल. तोवर इथे जवळच एक ठिकाण आहे. पंखा आहे, बसायला बाक आहे." पंखा होता हे खरं, पण माझा डोळा कशावर होता ते सांगायला नको.

ते गावातलं छोटंसं वस्तुसंग्रहालय. आत्याने दारातच चपला काढल्या.

"आजी, चप्पल चालते," दारावरचा माणूस म्हणाला.

"आत देव हायेत ना?" असं म्हणून ती अनवाणीच आत गेली. मग मलाही काढाव्या लागल्या.

पहिल्या दालनात दगडी मूर्ती ओळीने उभ्या होत्या. आत्याने पहिलीला हात जोडले, वर बघितलं आणि जोडलेले हात तसेच राहिले.

"अगं, ह्याला नाकच नाय."

पुढच्याला हात नव्हते. त्याच्या पुढच्या देवीला तर मुंडकंच नव्हतं. आत्या एकेका मूर्तीपुढे थांबत, खालीवर बघत, कुणाचं काय मोडलंय ते मला सांगत चालली. घाई म्हणून नाही. इतक्या वर्षांत माझ्याहून सावकाश संग्रहालय बघणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं आणि मला भारी आनंद झाला. खरं तर आपण कशासाठी आलो होतो तेच मी विसरले.

"ह्या कुणी सोडल्या नाय का गंगेत?"

मी पाटी वाचली. "ही नदीच्या पात्रातच सापडली म्हणे."

"म्हंजी सोडलेली परत काढली?"

"तसंच दिसतंय."

"पूजा कोण करतं?"

"पूजा नाही होत इथे."

"दिवा तरी?"

"नाही गं."

"मग ठिवलीत कशाला?"

"बघायला."

आत्या बाकावर जाऊन बसली. तिने पिशवीतून लाल फडक्याचं गाठोडं काढलं आणि मांडीवर धरलं.

"नुसतं बघायला बी ठिवतात?" तिने विचारलं.

मी तिच्याशेजारी बसले. तिने गाठ सोडली. घासून घासून अन्नपूर्णेचे नाकडोळे पुसट झालेले, मांडी घालून बसलेली, आणि पळीच्या जागी नुसतं तुटकं मनगट.

"मला तरी पूजा कुठं करायची हाय? पूजा सून करती. लगीन झालं तवा आई म्हणली होती, मला काय रोज येता यायचं नाय, हिच्याकडं बघत जा. मी नुसती बघायचीच गं तिच्याकडं. नवरा गेला तवा बी बघितलं."

मला रडू आलं. मी नाक शिंकरायच्या निमित्ताने दुसरीकडे बघितलं. आत्या मात्र उठली होती. कोपऱ्यातल्या टेबलापाशी तिथल्या अधिकारी बाई बसल्या होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. आत्या सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ही पण ठिवा तुमच्याकडं. मी येत जाईन बघायला. फुलं घिऊन बाजारात येतेच."

मला संकोच वाटला. आता ही मुलगी हसणार, असं मनात आलं. ती हसली नाही. तिने खुर्ची मागे सारली, उभी राहिली आणि मूर्ती दोन्ही हातांत घेतली. उलटी करून बैठक बघितली, पाठ बघितली.

"आजी, छान आहे. पण आम्हाला नाही घेता येणार."

"मोडकी हाय म्हणून?"

"मोडक्याचं काही नाही. आमच्याकडच्या सगळ्या मोडक्याच आहेत. पण आमच्या हिशोबाने ही फार नवी आहे. आणखी पुष्कळ जुनी व्हायला हवी."

"तोवर काय करायचं?"

"तोवर घरी जपून ठेवा. पूजेत नको असेल तर दुसरीकडे ठेवा."

आत्याने मूर्ती परत घेतली. बाहेर आल्यावर पायरीवर बसून तिने मला घरी फोन लावायला सांगितलं. मी स्पीकरवर लावला, आतेभावाने उचलला.

"सोडली का गं आई?"

"नाय. हितल्या मॅडम म्हणत्यात, ती अजून लय लहान हाय. घरीच ठिवा."

"कोण मॅडम? आई, भटजी काय म्हणले ते ध्यानात हाय ना?"

"पूजंत नाय ठिवत रे. नुसती दिसू दे मला. तांदळाच्या डब्याजवळ ठिवीन."

पलीकडे काही बोलणं चाललेलं ऐकू आलं. मग फोन वहिनीच्या हातात गेला. आत्याने पदर तोंडाला लावला. सुनेला नाही म्हणायची वेळ तिच्यावर फारशी आली नव्हती.

"आई," वहिनी म्हणाली, "माझ्या हातून माझी पडली असती तर मला जमलं असतं का सोडायला? माझी आई जाऊन वर्ष नाय झालं. आणा तुम्ही घरी. ह्यांचं मी बघते."

आत्याने फोन माझ्याकडे सरकवला. वहिनी दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाली. शेवटी मीच सांगितलं की येतोय आम्ही.

मूर्ती पुन्हा लाल फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून आत्या रस्त्यावर आली. लगेच एक रिक्षा थांबली. पितृपक्षात म्हातारी बाई आणि हातात लाल गाठोडं बघून रिक्षावाल्याला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही.

"बसा आजी. रामकुंड ना?"

"नाय बाबा," आत्या आत सरकून बसत म्हणाली, "आम्ही दोघी घरी चाललो."